हिराजी तांडेलाचा उजवा हात

हिराजी, काल तुझ्या अंगणात मला पाट मांडून बसवलं, आणि मी बसलो. तेव्हापासून मान वर करवत नाही.

तू गेल्याचं मला उशिरा कळलं. गाठीच्या तापाने गिरगाव अर्धं ओस पडलं आहे. ज्यांची कोकणात घरं आहेत ते बोटीने निघून गेले. माझीही माणसं मी गावी धाडली. कोण कुठे आहे, कोण आहे नि कोण नाही, काही पत्ता लागत नाही. काल भायखळ्याच्या बाजारात तुमच्या कोळीवाड्यातली एक मासळीवाली भेटली. मला पाहून म्हणाली, "तुमचा तांडेल गेला, म्हाईत हाय ना? दिवस पण झाले." मी हातातली पिशवी तशीच घेऊन स्टेशनावर गेलो आणि शीवेची गाडी पकडली.

तुझ्या घराची कौलं उतरवली होती. आत ऊन जावं म्हणून सरकारी माणसांनी उतरवली, असं शेजारी म्हणाले. भिंतींना चुना मारला होता, तुझं अंथरूण-पांघरूण जाळल्याची राख दारापाशीच होती. चांगुणावहिनी अंगणात बोंबील निवडत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, हात धुतले, पाट मांडला. मला वाटलं, आता रडतील. रडल्या नाहीत. दोन्ही मुलांना हाक मारली आणि म्हणाल्या, "ह्यांच्या पाया पडा. तुमच्या बापाचा हात ह्यांनी वाचवला. हे नसते तर खांद्यापासून गेला असता."

थोरला वाकला. धाकटा अजून नीट चालत नाही, त्याला त्यांनी धरून वाकवलं. मग म्हणाल्या, "ह्याचं नाव रघुनाथ का ठेवलं, ते तुम्हाला सांगितलं का नाय त्यांनी कदी? तुमच्यावरून ठेवलं."

आजवर मी समजत होतो, देवाचं नाव आहे, घरोघरी असतं.

वहिनींनी पाणी दिलं ते प्यायलो, थोरल्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि "येतो" म्हणून निघालो. गाडीत बसल्यावर उजव्या हाताकडे पाहिलं. माझी पाचही बोटं जागच्या जागी आहेत. ती का आहेत, हे जगात दोघांना ठाऊक होतं, आणि त्यातला तू गेलास.

आपली पहिली भेट लालबागला झाली. आपल्या शेटने नळविहिरी खोदायचं कंत्राट नुकतंच घेतलं होतं. मी भायखळ्याच्या शाळेत फिटरकाम शिकून आलेला, खिशात पट्टी आणि खडू. तीन वाशांची तिकाटी उभी करायची होती, वर कप्पी टांगायची होती, आणि जमलेल्या माणसांना ते वासे काही उचलेनात. शेटने कुठून तरी तुला आणवलं. होडीची डोलकाठी उभी करणारा माणूस तू, तुझ्या लेखी ते वासे म्हणजे काहीच नव्हते. दोर कुठे बांधायचा ते बोट दाखवून सांगितलंस, स्वतः एका वाशाच्या बुंध्याला पाय लावून उभा राहिलास, आणि तिकाटी अशी उभी राहिली की जणू जमिनीतून उगवली. मग माझ्याकडे वळून म्हणालास, "मास्तर, खडू ठेवा खिशात. पावसानं जाईल."

मला राग आला होता. तू मोठ्याने बोलायचास, आपल्या कामाची आपणच तारीफ करायचास, आणि जेवणाच्या सुट्टीत ताडीचा विषय काढल्याशिवाय राहायचा नाहीस. पण शेटने तुला टोळीचा तांडेल केला आणि मला हत्यारं सांभाळायला ठेवलं, आणि आपण दोघे एकमेकांच्या गळ्यात पडलो.

तुझा अवजारांवर जीव नव्हता, हे आज लिहायला हवं. तू गेल्यावर लोक म्हणू लागतील की तांडेल जन्मापासूनच लोखंडाला जपणारा होता. तसं नव्हतं. तेव्हा तू साखळी चिखलात टाकून जायचास. नळ टांगायच्या फिरत्या कडीत, फिरकीत, वाळू गेली तर वरून मुशीच्या तेलाचा डबाच उपडा करायचास. तेल आणि वाळू मिळून आतली खीळ खाऊन टाकायचे, आणि साऱ्या आवाराला मासळीचा वास सुटायचा. मी ओरडलो की म्हणायचास, "दर्यात लोखंड वर्षभर राहतं. तुझ्या ह्या खड्ड्याला एवढं काय झालंय?"

आणि तो चिमटा. तुला सांगायला नको, पण पुढची हकीकत मला नीट मांडायची आहे, म्हणून लिहितो. नळ जमिनीतून वर काढताना एकेक तुकडा मोकळा करावा लागतो. तेवढा वेळ खालचे सगळे तुकडे भोकात लोंबकळत असतात, आणि त्यांना धरून ठेवतो तो भोकाच्या तोंडावर आवळलेला चिमटा. त्याच्या आतल्या दात्यांनी नळाला चावलं पाहिजे. दाते झिजले की चिमटा नुसता मिठी मारतो, धरत नाही.

परळच्या गिरणीत बॉयलरच्या पाण्यासाठी आपण खोदत होतो, तेव्हाची गोष्ट. त्या सकाळी मी दात्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नखाला ओरखडाही उठला नाही. तुला म्हणालो, "तांडेल, हे दाते गुळगुळीत झालेत. आज नळ काढू नकोस, मी दुसरे बसवतो."

तू चिमटा हातात घेऊन वजन केल्यासारखा हलवलास. "लोखंड हाय रं, बोंबील नाय. अजून पावसाळा काढील."

"घसरेल."

"घसरला तर मी धरीन."

माणसं हसली, मीही हसलो. टोळी तुझी होती, शब्द तुझा होता. मी पुन्हा बोललो नाही, कारण एकदा बोलून झालं होतं.

दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं. मग एक तुकडा मोकळा झाला, आणि चिमट्यातल्या नळाच्या तोंडाचे आटे पुसायला मी वाकलो. नळाच्या टोकाला जाड कडं असतं, जोडाचं. त्या कड्याच्या आणि चिमट्याच्या मधे वीतभर जागा होती, तिथे माझी बोटं टेकली होती. बाकीची माणसं नळ ओढायच्या रहाटाशी पाठमोरी होती. मला काहीच ऐकू आलं नाही. तुला काय ऐकू आलं कोण जाणे, दोर करकरला की दाते खरवडले. माझ्या मनगटावर तुझा हात इतक्या जोराने बसला की मी पाठीवर पडलो. उठून पाहतो तर नळ घसरून खाली बसला होता, आणि कडं चिमट्यावर टेकलं होतं, आणि मधे तुझा हात होता.

तो हात सोडवायला सबंध नळ वर उचलावा लागला. रहाटाला आम्ही सगळे झोंबलो. मीही होतो. रहाट फिरवताना मी तुझ्याकडे पाहिलं नाही. भायखळ्याच्या इस्पितळात नेलं, आणि अंगठा नि पहिलं बोट सोडून उरलेली तीन बोटं डॉक्टरने काढली.

माझ्या मनगटावर तुझ्या नखांचे व्रण बरेच दिवस होते. बाह्या लांब घालून मी ते झाकायचो. मला लाज कसली वाटत होती, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं, आजही नीट येत नाही. मी तुझा हात चिमट्यात घातला नव्हता. दाते झिजलेत, हे मी सांगितलंही होतं. तरी इस्पितळाच्या खाटेशी उभं राहिल्यावर मला वाटायचं की मी तुझी कुठली तरी वस्तू अंगावर घालून फिरतो आहे, आणि तू ती परत मागत नाहीस.

एकदा धीर करून म्हणालो, "हिराजी, तू मला..."

तू मला पुढे बोलूच दिलं नाहीस. "मी तुला वाचवायला नव्हतो आलो. मी चिमट्याचा बोल्ट धरायला गेलतो. तू मधे व्हतास."

"मग माझ्या मनगटाला का धरलंस?"

"धरलं नाय. ढकललं. वाटेतला माणूस ढकलतातच."

हा वाद आपला अखेरपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचो तू मला ओढलंस, तू म्हणायचास तू बोल्ट धरायला गेलास. दारू प्यायलेला असतानासुद्धा तू तेच म्हणालास. कधी कधी मला वाटायचं, हा खरंच बोलतो आहे. आणि तसं वाटलं की क्षणभर हलकं वाटायचं, आणि हलकं वाटल्याची पुन्हा लाज वाटायची.

दोर धरता येत नाही असा तांडेल कसा चालेल? शेटने टोळी माझ्या हाती दिली. मी नको म्हणालो असतो, पण नको म्हणून तुझी बोटं येणार नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. तू मात्र हातावरच्या फडक्यासकट कामावर आलास, आणि शेटला म्हणालास, "मला हत्यारांवर ठेवा. रघूचं काम मला द्या, माझं त्याला दिलंच हाय."

ह्या शब्दांत टोमणा होता की नव्हता, ते मला कळलं नाही. तू हसत होतास.

त्यानंतरचा हिराजी निराळा होता. कप्प्या, आकडे, साखळ्या, चिमटे, सगळं काम संपल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, कारण आपल्या हवेत मीठ आहे. धुतलेलं जमिनीवर ठेवायचं नाही, खुंटीला टांगायचं. फिरकी आधी पुसायची, वाळूचा कणही राहता कामा नये, आणि मगच तेल, तेही बोटाच्या टोकाने. चिमट्याच्या दात्यांना तेलाचा थेंबही लागू द्यायचा नाही. एका नव्या माणसाने गंज चढू नये म्हणून दात्यांना तेल चोळलं, तर तू त्याच्यासमोर बसून ब्रशाने तो एकेक दाता राखेने घासलास, आणि घासून झाल्यावर तुझा उजवा हात त्याला जवळून दाखवलास. भीतीने त्याला ताप आला.

आकड्याचं तोंड ओझ्याने हळूहळू उघडतं, ते डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी तू सागाची एक चकती कापून घेतलीस. नव्या आकड्याच्या तोंडात ती घट्ट बसायची. ज्या दिवशी सैल बसेल त्या दिवशी आकडा बाद. कप्पीची खीळ एकाच बाजूने झिजते म्हणून तू ती अधूनमधून फिरवून बसवायचास. आणि झिजलेला चिमटा तू भंगारात टाकायचा नाहीस. भंगारातून कोणीतरी पुन्हा उचलून आणतं, म्हणायचास. तू तो घरी जाताना खाडीत फेकायचास. शेटने जाब विचारला तेव्हा तू अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "दर्यानं मागितला." शेटलाही हसू आलं.

आपली भांडणं त्यामुळे थांबली नाहीत. साखळी वर्षातून एकदा भट्टीत लाल करून सावकाश निववावी, म्हणजे लोखंडाचा ठिसूळपणा जातो, असं मी शिकलो होतो. तुला ते मुळीच पटायचं नाही. "जाळून कोण तरणं होतं काय?" म्हणायचास. मी शाळेतलं सांगायचो, तू होडीच्या नांगराचं सांगायचास. साखळी आपण भट्टीत घातली, ती तुटली नाही. तू म्हणालास, घातली नसती तरी तुटली नसती.

पण त्या सगळ्या वर्षांत आपल्या टोळीतल्या एकाही माणसाचं बोट गेलं नाही. लोक मला शाबासकी द्यायचे, कारण टोळी माझ्या नावावर होती. मी "हिराजीचं काम आहे" म्हणायचो, आणि ते लोकांना माझा विनय वाटायचा. त्यातही माझाच मान वाढायचा.

गिरगावातली ती वाडी तुला आठवत असेल. जुन्या विहिरीचं पाणी खराब झालं म्हणून आवारात नळविहीर घ्यायची होती. वाडीचे कारभारी, पांढऱ्या मिशांचे आबासाहेब, रोज खुर्ची टाकून बसायचे. नळाच्या आट्यांना आपण तेल लावताना पाहून त्यांनी विचारलं, "हे काय चोपडता? चरबी तर नव्हे? हे पाणी देवाला जायचं आहे."

मी समजावून सांगणार, इतक्यात तू उठलास. डब्यात अंगठा बुडवलास आणि तोंडात घातलास. "खोबरेल हाय, आबासाहेब. जरा खवट झालंय, पन देवाला चालंल."

सगळी वाडी हसली. आबासाहेब स्वतः हसले. तू मुशीचं तेल सोडून खोबरेल कधी घेतलंस, कोणी सांगितलं म्हणून घेतलंस, मला ठाऊक नव्हतं. पिण्याच्या विहिरीत मासळीचं तेल नको, हे तुझं तूच ठरवलं होतंस.

पाणी लागलं त्या दिवशी नारळ फोडला. चांगलं गोडं पाणी होतं. आबासाहेबांच्या घरून तांब्या-भांडं आलं. मला भांड्यातून दिलं. तुला त्यांच्या गड्याने ओंजळ पुढे करायला सांगितली आणि वरून धार धरली. तू ओंजळ केलीस. जिथे बोटं नव्हती तिथून पाणी सरळ मातीत गेलं. तू हात जवळ घेतलेस, तळवे वळवून पाहिलेस, पाणी राहीना. गडी ओततच होता. वाडीच्या बायका गॅलरीतून पाहत होत्या.

मी भांडं खाली ठेवलं आणि माझे दोन्ही हात तुझ्या हातांखाली धरले. मग पाणी राहिलं. तू वाकून प्यायलास, पोटभर, आणि ओल्या मिशीने माझ्या कानाशी येऊन म्हणालास, "एवढ्यात फिटवतोस काय रं?"

तू हे हसत म्हणालास. मीही हसलो. पण तू माझ्या मनातलं बरोबर ओळखलं होतंस. हात पुढे करताना मला बरं वाटलं होतं. लोक पाहत आहेत, मी काहीतरी चांगलं करतो आहे, थोडं तरी उतरलं, असं खरोखरच वाटलं होतं. तहानलेल्या माणसाच्या ओंजळीखाली हात धरताना मी माझाच हिशेब करत होतो. आबासाहेबांनी ते भांडं परत घेतलं नाही, मला देऊन टाकलं, ते अजून माझ्या घरी आहे. मी त्यातून पाणी पीत नाही.

आपली शेवटची भेट तापाची साथ सुरू झाली तेव्हाची. कामं बंद पडली होती. तू हत्यारांच्या खोलीत एकटाच बसून साखळी पुसत होतास. मी म्हणालो, "हिराजी, माणसं मरतायत आणि तू साखळी पुसतोस?"

"पावसाळा येतोय. काम सुरू झालं म्हणजे कोण तरी हिच्याखाली उभा राहील ना."

मी तुला म्हणालो, कोळीवाड्यात दाटी आहे, काही दिवस बायकामुलांना घेऊन वसईच्या बाजूला जा. तू म्हणालास, बघू. मी आग्रह केला नाही. एकदा बोललो, तेवढं पुरे असं मला वाटलं, नेहमीसारखं. मी निघालो, तू मागे वळूनही पाहिलं नाहीस, साखळीची कडी उजेडाला धरून पाहत होतास.

आणि काल पाणी देताना वहिनी जे बोलल्या, त्यावरून कळलं की तू घरी काय सांगितलं होतंस. हात चिमट्यात अडकला तो तुझ्या चुकीने, आणि रघूने एकट्याने रहाट फिरवून तो सोडवला. इतकी वर्षं तू मला बोल्टाची गोष्ट सांगत आलास, आणि त्यांना रहाटाची. का, हिराजी? खरं कळलं तर वहिनी माझ्या दारात येऊन मला शिव्या घालतील, याची भीती होती? की दात्यांबद्दल मी सांगितलं होतं आणि तू ऐकलं नाहीस, हे तुला इतकं लागलं होतं, की त्याची भरपाई म्हणून पोराला माझं नाव दिलंस? मला उत्तर मिळायचं नाही. पण तुझ्या मुलाने वाकून माझ्या पायाला हात लावला, आणि तेवढं मला सोसलं नाही.

म्हणून आज सकाळी मी पुन्हा शीवेला गेलो.

वहिनी कालच्याच जागी होत्या. मी पाटावर बसलो नाही, ओट्याला टेकून उभा राहिलो. म्हणालो, "वहिनी, हिराजीने तुम्हाला जे सांगितलं ते खरं नाही. मी त्याला वाचवलं नाही. माझा हात जायचा होता. त्याने माझा हात काढला आणि त्याचा गेला."

त्यांनी मान वर केली नाही. बोंबील निवडत राहिल्या. निवडता निवडता म्हणाल्या, "रहाट कोणी फिरवला?"

"सगळ्यांनी. त्यात मी एक."

"मग ते खोटं का बोलले?"

"मला ठाऊक नाही. काल रात्रभर मी तोच विचार करत होतो."

त्यांनी टोपली बाजूला सारली. आवाज चढला नाही, पण मला तो बरा वाटला नाही. "आजपातुर मी देवीला नारळ फोडताना तुमचं नाव घेतलं. ह्यांचं घ्यायच्या आदी तुमचं. आणि तुम्ही आता सांगता. आता मी कुणाशी भांडू? तुमच्याशी? तुम्ही काय केलंत? तुम्ही तर काहीच केलं नाय."

मला ते शब्द हवे होते, हिराजी. काल पाया पडले होते त्यापेक्षा ते मला सोपे वाटले. मी म्हणालो, "माझ्याशी भांडा."

"नको," त्या म्हणाल्या. "भांडून काय, बोटं येणार हायेत?"

मी निघायला वळलो. अंगण ओलांडून आळीत आलो होतो, तेव्हा मागून हाक आली. "भावजी." परत गेलो. त्या तशाच बसल्या होत्या, हात मांडीवर.

"मला म्हणाले, दुखलं नाय. म्हणाले, हात बधिर झालता, काही कळलंच नाय. ते तरी खरं का?"

मी खोटं बोलू शकलो असतो. तू त्यांना तेवढं दिलं होतंस, आणि ते तसंच ठेवायला हवं होतं की काय, मला कळेना. पण आज खोटं बोलायला मी आलो नव्हतो.

"नाही. फार दुखलं त्याला. नळ वर येईपर्यंत तो ओरडत होता."

"आईला हाक मारत?"

"नाही, वहिनी. तुमचं नाव घेऊन. सगळ्या टोळीसमोर. चांगुणा, चांगुणा, म्हणून ओरडत होता. हात सुटला तरी थांबला नव्हता. इस्पितळापर्यंत गाडीत तेच."

नवऱ्याने चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं नसतं. तू घरातसुद्धा कधी घेतलं नसशील. तुझी बायको माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने पदर डोक्यावरून ओढला, तोंडावर घेतला, आणि पदराआड तिचे खांदे हलू लागले. थोरला मुलगा दारातून आईकडे पाहत उभा होता. मी ओट्याशी तसाच उभा राहिलो. जायचं की थांबायचं, ते समजेना.

पदराआडूनच तिने विचारलं, "त्या दिवशी सकाळपासनं काय काय झालं?"

मी सांगायला लागलो. सकाळी तू कामावर आलास, चिमट्याचे दाते झिजले होते ते, मी काय म्हणालो, तू काय म्हणालास, माणसं कशी हसली, मी वाकलो ते, मनगटावर बसलेला तुझा हात, रहाट, आणि तिचं नाव. काही वगळलं नाही. तुझी चूकही सांगितली, माझं गप्प बसणंही सांगितलं.

संपल्यावर तिने पदर बाजूला केला, डोळे पुसले, थोरल्याला हाताने खूण करून जवळ बसवलं, आणि मला म्हणाली, "पुन्हा सांगा. आता त्यालाही ऐकू दे."

मी जमिनीवर बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.